वऱ्हाडची पऱ्हाटी आणि मिसिसिपीचा जाहीरनामा

१/ ९ जानेवारी १८६१. अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या अधिवेशनाने ८४ विरुद्ध १५ मतांनी संघराज्यातून फुटून निघण्याचा ठराव संमत केला. कशासाठी? ‘राज्यांच्या हक्कांसाठी’ हे उत्तर आजही वारंवार ऐकू येते. परंतु मिसिसिपीने आपली कारणे स्वतःच लिहून ठेवली आहेत, आणि त्यांतील एका दाव्याचे उत्तर आपल्या वऱ्हाडच्या काळ्या मातीत सापडते. त्याविषयी हा थ्रेड.

२/ १८६० च्या जनगणनेत मिसिसिपीची लोकसंख्या ७,९१,३०५ होती. त्यांपैकी ४,३६,६३१ माणसे गुलाम, म्हणजे निम्म्याहून अधिक! कापूस हे या राज्याचे धन, आणि तो वेचणारे हात मालकीचे.

३/ नोव्हेंबर १८६० मध्ये अब्राहम लिंकन निवडून आले. दक्षिणेतील गुलामगिरी तत्काळ मोडावी, अशी त्यांच्या पक्षाची भूमिका नव्हती. ती नव्या प्रदेशांत पसरू नये, एवढाच आग्रह होता. मळेवाल्यांना मात्र त्यातच आपला अंत दिसू लागला.

४/ मग जाहीरनामा काय म्हणतो? आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णतः निगडित आहे, हे तो आरंभीच सांगतो. संघराज्यात राहिलो तर ४ अब्जांच्या मालमत्तेवर पाणी सोडावे लागेल, असे शेवटी बजावतो. ही ‘मालमत्ता’ म्हणजे माणसे. जकातीच्या वादाचा त्यात उल्लेखही नाही.

५/ आणि राज्यांचे हक्क? उत्तरेतील राज्ये पळून आलेल्या गुलामांना परत धाडण्याचा संघराज्याचा कायदा निष्प्रभ करतात, ही मिसिसिपीची एक मुख्य तक्रार होती. म्हणजे इतर राज्यांनी आपला हक्क वापरला, हेच तिला खुपत होते.

६/ आता तो दावा. उष्ण प्रदेशातील उन्हात केवळ कृष्णवर्णीयच राबू शकतात, हा निसर्गाचा नियम आहे. म्हणून गुलामगिरीवरचा घाव हा जगाच्या व्यापारावरचा घाव होय, असे जाहीरनामा म्हणतो.

७/ हा ‘नियम’ वऱ्हाडात कधीच लागू नव्हता. मृगाच्या पावसावर पेरणी, मग निंदण, डवरणी आणि दिवाळीच्या सुमारास वेचणी: हे सारे येथील शेतकरी आणि मजूर स्त्री-पुरुष पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. आज संत्र्यांसाठी ओळखला जाणारा आमचा शेंदूरजनाघाट-वरुडचा पट्टाही याच वऱ्हाडातला.

८/ एप्रिल १८६१ मध्ये युद्ध पेटले आणि लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा सुमारे तीन-चतुर्थांश कापूस तेथूनच येई. लँकेशायरमध्ये उपासमार झाली आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला वऱ्हाड एकाएकी महत्त्वाचा ठरला. वऱ्हाड ओलांडून रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली.

९/ याचा अर्थ वऱ्हाडी कष्टकरी सुखी होता, असा नव्हे. सावकार, सारा आणि जातिव्यवस्था यांनी तो जखडलेला होताच. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. पण येथील कापूस माणसांचा लिलाव मांडून पिकवलेला नव्हता. खुद्द अमेरिकेतही गुलामगिरी संपल्यावर कापूस संपला नाही. १८८० पर्यंत तेथील उत्पादन युद्धापूर्वीच्या पातळीपुढे गेले. मुक्त झालेले लोक मात्र वाट्याच्या शेतीत आणि कर्जात अडकले.

१०/ या लढ्याचा अर्थ महाराष्ट्रात फार लवकर ओळखला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. मिसिसिपी कशासाठी फुटली, हा वाद पुन्हा कानी आला, तर मित्रहो, आधी तिचा जाहीरनामा मुळातून वाचा. तो फार मोठा नाही, आणि त्याने काहीही लपवलेले नाही.