कर्नल अपग्रेड केल्यावर सर्व्हरच्या डिस्क हळू का होतात?

३० जून २०२४ रोजी सेंटओएस ७ या मोफत लिनक्सचे अपडेट बंद झाले. तेव्हापासून साताऱ्यातली पतसंस्था असो की सांगलीतली हळदीची पेढी, जिथे जुना लिनक्स सर्व्हर आहे तिथे अपग्रेडचा विषय टाळता येत नाही. अपग्रेड बहुतेक वेळा सुरळीत होतं. कधीकधी मात्र दुसऱ्या दिवशी काउंटरवरून तक्रार येते की पावती निघायला पूर्वी दोन सेकंद लागायचे, आता वीस लागतात. डिस्क त्याच, केबल त्याच, डेटा तोच. मग बदललं काय?

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कोणत्या डिस्ककडे कोणती मागणी कधी पाठवायची, हे तो ठरवतो. आणि अनेक डिस्क एकत्र बांधून एकच मोठी डिस्क असल्यासारख्या वापरायच्या, ही झाली डिस्क अ‍ॅरे किंवा रेड. ही कल्पना १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो, पण त्याची किंमत लिहिताना मोजावी लागते. एखादी छोटी नोंद करायची तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशी चार कामं होतात. म्हणून कर्नलच्या सेटिंगमधला लहानसा बदलही इथे मोठा दिसतो.

आधी काय पाहायचं?

सेटिंगला हात लावण्याआधी एमडीस्टॅट ही फाइल उघडून पाहावी. रीबूट नीट झाला नसेल तर अ‍ॅरे पुन्हा जुळवून घेण्याचं काम, म्हणजे रीसिंक, मागे चालू असतं. डेबियनवर तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अ‍ॅरेची तपासणी आपोआप सुरू होते. अपग्रेडही लोक रविवारीच करतात, त्यामुळे दोष उगाच कर्नलवर येतो. असं काही चालू असेल तर ते संपेपर्यंत थांबणं हाच उपाय.

मग आयओस्टॅट चालवून प्रत्येक डिस्कचा प्रतिसाद वेगवेगळा पाहावा. चारपैकी एकीलाच जास्त वेळ लागत असेल तर ती डिस्क किंवा तिची केबल खराब होत आली आहे. अ‍ॅरेचा वेग सर्वांत हळू डिस्कइतकाच. वर्षभर न थांबता चाललेला सर्व्हर अपग्रेडच्या निमित्ताने पहिल्यांदा बंद होतो आणि आधीपासून असलेलं दुखणं तेव्हा वर येतं. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

सगळ्याच डिस्क सारख्या मंदावल्या असतील, तर सर्वांत चांगली परीक्षा म्हणजे ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल निवडून सर्व्हर सुरू करणं. तिथे वेग परत आला तर संशय पक्का. मात्र सेंटओएस ७ वरून थेट नव्या आवृत्तीवर गेलेल्यांना ही सोय सहसा मिळत नाही. म्हणून अपग्रेडच्या आदल्या दिवशी वेग मोजून लिहून ठेवावा.

मोजण्यातही फसगत होते. एखादी फाइल कॉपी करून वेग पाहिला तर तो बऱ्याचदा डिस्कचा नसून रॅमचा असतो. फायो हे साधन कॅशे टाळून मोजू शकतं. पण ते थेट अ‍ॅरेवर लिहिण्याच्या चाचणीसाठी चालवलं तर डेटा पुसला जातो. चाचणी वेगळ्या फाइलवरच करावी.

नेहमीचे दोषी

लिनक्स ५.० मार्च २०१९ मध्ये आला आणि त्यातून जुने शेड्युलर, म्हणजे सीएफक्यू, डेडलाइन आणि नूप, काढून टाकले गेले. त्यांच्या जागी एमक्यू-डेडलाइन, बीएफक्यू, कायबर किंवा ‘नन’ असतो. बूटच्या ओळीत कुणी पूर्वी ‘एलेव्हेटर’ लिहून डेडलाइन निवडलेला असेल, तर नव्या कर्नलवर त्या ओळीचा परिणाम होत नाही. शेड्युलर अ‍ॅरेवर नाही, तिच्यातल्या प्रत्येक डिस्कवर पाहायचा असतो. अ‍ॅरेवर ‘नन’ दिसणं नेहमीचंच आहे.

दुसरा दोषी स्ट्राइप कॅशे. रेड ५ आणि ६ साठी तो मुळात २५६ असतो. चार डिस्कच्या अ‍ॅरेत हे जेमतेम ४ एमबी झाले. जुन्या माणसाने तो ८१९२ केलेला असेल (१२८ एमबी रॅम) आणि तो आदेश एखाद्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये असेल, तर नव्या आवृत्तीत ती स्क्रिप्ट चालेलच असं नाही. रीड-अहेडचंही असंच. तिथे आकड्यांचा घोळ वेगळा: एका आदेशात ५१२ बाइटचे सेक्टर, दुसरीकडे केबी. ४०९६ सेक्टर म्हणजे २०४८ केबी.

हार्डवेअर रेड कार्ड असेल तर त्याची बॅटरी तपासावी. बॅटरी संपली की बरीच कार्डं राइट-बॅक सोडून राइट-थ्रूवर जातात आणि लिहिण्याचा वेग एकदम पडतो. २०१८ च्या जानेवारीत उघड झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या दोषांवरचे बचावही थोडा वेग खातात, पण दोनाचे वीस सेकंद त्यांच्यामुळे होत नाहीत.

काय करू नये?

इंटरनेटवर दोन झटपट उपाय सापडतात: फाइल सिस्टिमचे बॅरियर बंद करा, किंवा बॅटरी नसतानाही राइट-बॅक जबरदस्तीने चालू करा. वेग खरोखर वाढतो. पण वीज अचानक गेली तर ‘जमा झाली’ असं दाखवलेली नोंद डिस्कवर पोहोचलेलीच नसते. कोयनेचं धरण सातारा जिल्ह्यातच आहे, तरी पावसाळ्यात वीज जायची तेव्हा जातेच. खातेदारांच्या पैशांची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरवर हा जुगार नको.

आणि यातलं काहीही करण्याआधी बॅकअप हवा, तोही दुसऱ्या ठिकाणी. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेलं. तळमजल्यावर सर्व्हर असेल तर अशा वेळी अ‍ॅरेतल्या सगळ्या डिस्क एकाच वेळी पाण्यात जातात. ज्यांची शाखा साताऱ्यातही आहे, त्यांनी रोजची एक प्रत तिकडे पाठवावी आणि महिन्यातून एकदा ती उघडून पाहावी.