हाकललेल्या पोरांना नागपूरने घेतलं

सिहोऱ्याच्या पोरांसाठी नागपूर विद्यापीठ म्हणजे परीक्षेचा फॉर्म, लांबलेला निकाल आणि मार्कशीट. चांदपूरच्या तलावाकडून तुमसरला आणि तिथून पुढे कॉलेजला जाताना मलाही ते तेवढंच वाटायचं. याच विद्यापीठाने एकदा शेजारच्या संस्थानातून हाकललेल्या विद्यार्थ्यांना आपल्यात घेतलं होतं, हे मला पदवी हातात पडल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं.

गोष्ट 1938 ची. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि आपला भंडारा इंग्रजांच्या मध्यप्रांतात. संस्थानात एकच विद्यापीठ होतं, 1918 साली सुरू झालेलं उस्मानिया. पदवीपर्यंतचं शिक्षण उर्दूतून देणारं हे विद्यापीठ त्या काळात मोठं धाडस होतं, हे मान्य करायलाच हवं. इंग्रजीऐवजी भारतीय भाषेत विज्ञान शिकवायचं म्हणून तिथे पुस्तकांच्या भाषांतराचं वेगळं खातंच उघडलं होतं. फक्त ज्यांच्यासाठी हे चाललं होतं, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरात तेलुगू, मराठी किंवा कन्नड बोलली जायची.

त्या ऑक्टोबरात बंदी घातलेल्या स्टेट काँग्रेसने सत्याग्रह सुरू केला. नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातली मुलं प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणू लागली. मनाई झाली. मुलांनी संप केला, आणि तो हैदराबादच्या वसतिगृहांत, वरंगळच्या कॉलेजात पोहोचला. ना मोबाइल, ना ग्रुप. वसतिगृहातल्या विशीच्या आतल्या पोरांनी हे उभं केलं. शेकडो जणांची नावं पटावरून कमी झाली.

खरी अडचण तिथून पुढे होती. मायग्रेशनच्या एका कागदासाठी ज्याने खिडकीसमोर रांग लावली आहे, त्याला ती लगेच कळेल. शिस्तभंगाचा शिक्का बसलेल्या मुलाला दुसरं विद्यापीठ का घेईल? वर्ष गेलं, स्कॉलरशिप गेली, आणि गावी जाऊन बापाला काय सांगायचं?

नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू तेव्हा टी. जे. केदार होते. त्यांनी या मुलांना प्रवेश दिला. मध्यप्रांतात तेव्हा काँग्रेसचं मंत्रिमंडळ होतं, त्यामुळे वारा अनुकूल होता हे खरं. पण वारा असला तरी सही कुणाला तरी करावीच लागते. मुलांसाठीही हे सोपं नव्हतं. उर्दूतून शिकलेल्यांना नागपुरात इंग्रजीतून पेपर लिहायचे होते. वरंगळहून आलेल्यांत पी. व्ही. नरसिंह राव हे एक होते. पुढे कायद्याची पदवीही त्यांनी नागपूरचीच घेतली. देशाचे पंतप्रधान झाले तेव्हा 1991 साल उजाडलं होतं.

या कथेला एक काटा आहे, तो लपवू नये. ज्या मध्यप्रांताने या मुलांना जवळ केलं, तिथल्याच शाळांत 'वंदे मातरम्' म्हणायला लावतात, अशी तक्रार मुस्लिम लीग त्याच सुमारास करत होती. एकीकडे गाणं म्हणू नका, दुसरीकडे म्हणाच. वसतिगृहातल्या मुलांचं भांडण त्या गाण्यापुरतं होतं असं मला वाटत नाही. आमच्या खोलीत आम्ही काय म्हणायचं ते कोण ठरवणार, हा त्यांचा प्रश्न होता.

लगेच काही बदललं नाही. मराठवाड्यातली कॉलेजं पुढची वीस वर्षं उस्मानियालाच जोडलेली राहिली. डॉ. आंबेडकरांच्या संस्थेने 1950 मध्ये औरंगाबादला काढलेलं मिलिंद महाविद्यालयसुद्धा. मराठवाड्याचं स्वतःचं विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 ला उभं राहिलं.

आता आपल्याकडचं. 1994 च्या कायद्याने महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद केल्या आणि मार्कांवर प्रतिनिधी नेमायला सुरुवात झाली. 2016 च्या कायद्याने त्या परत आणल्या, 2019 मध्ये घ्यायचंही ठरलं, मग लांबणीवर पडल्या. माझ्या कॉलेजच्या वर्षांत आमचा प्रतिनिधी कोण होता, हे मी परवा वर्गातल्या तिघांना विचारलं. तिघांनाही आठवलं नाही. मलाही नाही.