‘ज्योत्स्ना’ आणि ‘चांदणे’

चंद्राच्या प्रकाशाला संस्कृतात दोन अंगांनी नावे मिळाली. एक अंग किरणांचे: कर, अंशु, मयूख, रश्मि. हे शब्द मोजता येणाऱ्या, दिशा असणाऱ्या वस्तूचे होत. दुसरे अंग पसरलेल्या प्रकाशाचे. अमरकोशात चंद्रिका, कौमुदी व ज्योत्स्ना हे शब्द एकत्र आले आहेत. परंतु कोशातील शेजार म्हणजे अर्थाची एकता नव्हे. कौमुदीत कुमुद आहे, तसा ऋतूही आहे. ‘मुद्राराक्षसा’च्या तिसऱ्या अंकात चाणक्य ज्याला मनाई करतो तो कौमुदीमहोत्सव शरदातला. पुढे सतराव्या शतकातील भट्टोजी दीक्षितांच्या ‘सिद्धान्तकौमुदी’त या शब्दातील चंद्र मावळला आणि उजेड तेवढा उरला, त्या ग्रंथाशी झगडणाऱ्या विद्यार्थ्याला तोही दिसला नाही तर नवल नाही.

कवींनी किरणांचा उपयोग जाणून केला आहे. ‘कुमारसंभवा’च्या आठव्या सर्गात चंद्र किरणरूपी बोटांनी रात्रीचे अंधाररूपी केस सारतो. ‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकात विरही दुष्यंताला त्याचेच शीतल किरण आग ओकताना भासतात. स्पर्शाची किंवा दाहाची कल्पना करावयाची तर किरणच हवेत.

‘ज्योत्स्ना’ हे रूप नियमाने सिद्ध होत नाही, म्हणून पाणिनीने (५.२.११४) ते निपातनाने साधले. माहाराष्ट्री प्राकृतात त्याचे ‘जोण्हा’ झाले. हिंदीच्या बोलींत ‘जोन्ह’, ‘जुन्हाई’ ही रूपे टिकली. आजच्या प्रमाण मराठीत मात्र चंद्रप्रकाशासाठी त्याचा वारस नाही. माहाराष्ट्रीतील शब्द मराठीत उतरलाच असणार, असे गृहीत धरणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. मराठीने ‘चंद्र’ घेतला, जोडाक्षर सुटून स्वर दीर्घ झाला, आणि ‘चांद’ या अंगापासून नपुंसकलिंगी शब्द घडला. ज्ञानेश्वरीत (१२९०) तो ‘चांदिणें’ असा आढळतो. हिंदीतील ‘चाँदनी’ म्हणजे चंद्रप्रकाश. मराठी ‘चांदणी’ म्हणजे तारका.

म्हणून ‘चांदणे’ला ‘चंद्रकिरण’ हा पर्याय देणे सोयीचे असले तरी चुकीचे आहे. किरण एक, दोन असे मोजता येतात. ‘दोन चांदणी’ असे कोणी म्हणत नाही. चांदणे उन्हासारखे, पावसासारखे पडते. ‘पिठूर चांदणे’ या प्रयोगात तर ते पिठासारखे भुरभुरलेले द्रव्यच होते. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात चकोराची पिले शरदातील चंद्रकलेमधले कोवळे अमृतकण वेचतात. तेथेही किरण नाहीत, कण आहेत.

ज्ञानेश्वरांच्या नावावरील ‘घनु वाजे घुणघुणा’ या विरहिणीत दुष्यंताचीच अवस्था आली आहे. पण तेथे अंग पोळते ते चंदनाच्या चोळीने. चांदणे केवळ आवडेनासे होते.