पायाखालची प्रतिमा

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचा सण आपण भक्तिभावाने साजरा करतो. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर त्यांच्यासह २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले, हे धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलेही सांगतील. परंतु त्या टेकडीच्या पायथ्याशी जी ख्रिस्ती कुटुंबे जिवंत राहिली, त्यांचे पुढे काय झाले? रक्तसाक्षींचे माहात्म्य आपण गातो, मागे उरलेल्यांची वाट मात्र क्वचितच न्याहाळतो.

गोव्याहून निघालेले संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली कागोशिमा येथे उतरले आणि जपानात ख्रिस्तसभेचे बीज पडले. पुढे अवघ्या ६५ वर्षांत, १६१४ साली, तोकुगावा राजवटीने देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. धर्मगुरूंना हाकलण्यात आले. जे लपून राहिले ते एकेक करून पकडले गेले. १६४४ च्या सुमारास त्यांपैकी अखेरच्यानेही देह ठेवला. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे तेथील लोकांना ना मिस्साबली मिळाला, ना पापनिवेदन.

प्रत्येक कुटुंबाची नोंद बौद्ध मंदिरात सक्तीने होत असे. त्याहून कठीण कसोटी होती ती 'फुमी-ए'ची. वर्षारंभी नागासाकी परिसरातील लोकांना गावप्रमुखाच्या घरी बोलावले जाई. जमिनीवर क्रुसावरील ख्रिस्ताची किंवा पवित्र मरियेची प्रतिमा ठेवलेली असे. अधिकाऱ्यांसमोर प्रत्येकाने तिच्यावर पाय ठेवायचा. तान्ह्या मुलाचेही पाऊल प्रतिमेला टेकवले जाई. जो नाकारील त्याचे काय होणार, हे सर्वांस ठाऊक होते.

आणि ते पाय ठेवत. हे सौम्य शब्दांत सांगून उपयोग नाही. तो नकारच होता. त्यांनीही त्याला दुसरे नाव दिले नाही. घरी परतल्यावर दारे लावून ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. 'कोंचिरिसान' हा त्यांचा शब्द, म्हणजे पोर्तुगीज 'कोंत्रिसांव' जपानी जिभेवर घोळून झालेला. या नावाचे छोटे पुस्तक १६०३ साली, छळाची चाहूल लागली असतानाच, तयार झाले होते. धर्मगुरू उपलब्ध नसेल तर देवावरील प्रेमापोटी केलेल्या परिपूर्ण पश्चात्तापाने क्षमा मिळते. मात्र पुढे संधी मिळताच पापनिवेदन करण्याचा निश्चय त्यात हवा, अशी त्याची शिकवण. लोकांनी ते हाताने उतरवून घेतले, पाठ केले, मुलांना शिकवले.

आमच्या मते या शेवटच्या अटीतच सारे मर्म आहे. दरवर्षीचा पश्चात्ताप त्यांना एका न आलेल्या धर्मगुरूशी बांधून ठेवीत होता. सात पिढ्यांनंतर मोठ्या गलबतातून पापनिवेदन ऐकणारे येतील, असे बास्तियान नावाच्या एका धर्मशिक्षकाचे भाकीत ते एकमेकांस सांगत.

दरम्यान प्रापंचिकांनीच श्रद्धेचा संसार चालवला. उराकामी गावात एक जण सणांची दिनदर्शिका सांभाळी, वस्तीवस्तीत एक जण बाप्तिस्मा देई, तर दुसरा निरोप पोहोचवी. कान्नोन या बौद्ध देवतेच्या मूर्तीसमोर मरियेला प्रार्थना होई. सगळीकडे सारखेच टिकले असे मात्र नाही. काही बेटांवर प्रार्थनांचे शब्द उरले पण अर्थ विरला, आणि पुढे तेथील पुष्कळ कुटुंबांनी वाडवडिलांची रीतच पसंत केली. ती चर्चकडे परतली नाहीत.

१८६५ साली फ्रेंच मिशनऱ्यांनी नागासाकीत ओउरा येथे परदेशी लोकांसाठी चर्च उभारले आणि ते गोन्सालो व त्यांच्या सोबत्यांना अर्पण केले. १७ मार्च रोजी उराकामीहून आलेल्या काही जणांपैकी एका स्त्रीने फादर पेतिजाँ यांना हळूच सांगितले, की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. आणि मरियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. त्या दिवशी आपल्या दुःखाच्या काळाचा सतरावा दिवस असल्याचेही त्यांनी सांगितले. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्चला होता. गणित चुकले नव्हते!

बंदी मात्र कायम होती. उराकामीच्या लोकांनी आता अंत्यविधीसाठी बौद्ध भिक्षू बोलावण्याचे नाकारले. १८६७ साली अटकसत्र सुरू झाले, आणि नंतर सुमारे ३,४०० जणांना, म्हणजे जवळजवळ सारा गाव, दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार करण्यात आले. त्सुवानो येथे माणसांना तीन फुटी पिंजऱ्यांत कोंडले, बर्फाळ तळ्यात उतरवले. ६०० हून अधिक जण परतलेच नाहीत. कित्येकांनी यातना असह्य होऊन श्रद्धा नाकारली, पण त्यांतील बहुतेकांनी पुन्हा ती कबूल केली. १८७३ साली बंदीचे फलक उतरले. उभे राहिलेले आणि कोसळलेले, दोघेही एकाच उजाड गावी परतले.

१८८० साली या दरिद्री लोकांनी वर्गणी काढून जुन्या गावप्रमुखाचा वाडा विकत घेतला, जेथे त्यांच्या वाडवडिलांना प्रतिमेवर पाय ठेवावा लागत असे. त्याच जागेवर त्यांनी आपले चर्च बांधले. ते १९१४ साली पूर्ण झाले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब त्या चर्चपासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर फुटला. धर्मग्रामातील सुमारे १२,००० पैकी ८,५०० श्रद्धावंत मरण पावले. स्वर्गोन्नयनाचा सण जवळ आला होता; चर्चमध्ये त्या वेळी दोन धर्मगुरू पापनिवेदन ऐकत होते. लोक रांगेत होते. १९५९ साली त्याच जागेवर चर्च पुन्हा उभे राहिले.