बालाघाटावरील घोंगडें

बीड जिल्ह्याचा इतिहास लिहितांना केवळ सनदा व महजर यांवरच दृष्टि ठेविली, तर घरोघर चालणारा लोंकरीचा उद्योग नजरेआड होतो, असें आम्हांस वाटतें. बालाघाटाच्या माळांवर धनगरांनीं दख्खनी मेंढ्या पाळल्या. त्यांची काळी, भरड लोंकर वर्षांतून दोनदां कातरीत. मग ती पिंजून स्त्रिया चरख्यावर सूत कातीत, ताण्यास चिंचोक्यांची खळ देत आणि पुरुष मागावर घोंगडें विणीत. ताण्याच्या खुंट्यांवरून 'खुटेकर' हें पोटजातीचें नांव पडलें, असें सांगतात. 'सणगर' हें नांवहि घोंगडीं विणणारांचेंच.

याप्रमाणें विणणारा पुरुष जातीच्या नांवांत उरला. कातणारी स्त्री मात्र कोठेंच उरली नाहीं. वस्तुतः तिच्या सुताविना माग रिकामाच राहता. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यांत होतें. त्या काळच्या दप्तरांत साऱ्याचा हिशेब सांपडेल, तिच्या श्रमांचा सांपडणें कठीण. म्हणून संशोधकांनीं वृद्ध स्त्रियांच्या तोंडचे या कामाचे शब्द आतांच टिपून घ्यावेत, अशी आमची विनंति आहे. ती पिढी गेली, कीं हें साधनहि गेलें.