महिना उलटला तरी भीती जात नाही? हा आजार आहे, इलाजही आहे

अपघात, मारहाण, अत्याचार किंवा ऑगस्ट २०१९ सारखा महापूर सोसल्यावर काही दिवस झोप उडणे, दचकणे साहजिक आहे. बहुतेकांचा त्रास हळूहळू ओसरतो. मात्र महिना उलटूनही तो कायम राहिला आणि रोजची कामे अडू लागली, तर तो आघातोत्तर तणाव विकार, म्हणजेच पीटीएसडी असू शकतो.

लक्षणे अशी : तोच प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर येणे, वाईट स्वप्ने पडणे, ती जागा, तो विषय टाळणे, सतत सावध राहणे, चटकन भडकणे, स्वतःला दोष देत माणसांपासून तुटणे. पावसाचा जोर वाढला की रात्रभर जागणारा माणूस भित्रा नसतो.

घरच्यांनी ‘विसरून जा’ म्हणू नये, खोदून खोदून विचारूही नये. ऐकून घ्यावे, डॉक्टरांकडे सोबत जावे. मानसोपचार हा मुख्य इलाज. गरजेनुसार औषधेही देतात. दारूने त्रास वाढतोच.

टेली-मानस १४४१६ वर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो, मराठी आणि कन्नडमध्येही. धारवाडला डिमहान्स, तर गोव्यात बांबोळीला सरकारी मनोरुग्णालय आहे. जीव देण्याचे विचार येत असतील तर थांबू नका, लगेच जवळचे रुग्णालय गाठा.