मरणाची तयारी

इ. स. १३४९ च्या जानेवारी महिन्यातली गोष्ट. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात बाथ आणि वेल्स नावाचा एक धर्मप्रांत आहे. तिथला बिशप राल्फ याने आपल्या हाताखालच्या धर्मगुरूंना एक पत्र धाडले. देशात महामारी शिरून सहा-सात महिने झाले होते. गावेच्या गावे धर्मगुरूंवाचून ओस पडली होती. मोकळ्या झालेल्या जागी भक्तीखातर म्हणा की पगारासाठी म्हणा, जायला कुणी तयार नव्हते, कारण रोगाची धास्ती. बिशपच्या पत्राचा आशय असा : ज्याला मरतेवेळी धर्मगुरू मिळत नाही, त्याने आपल्या पापांची कबुली जवळच्या कुणाही माणसापाशी द्यावी; पुरुष नसेल तर बाईपाशी द्यावी. ऐकणाऱ्याने ते पोटात ठेवावे. आणि शेवटचे पवित्र तेल लावायला कुणी आलेच नाही, तर श्रद्धेवर भागवावे.

आज हे वाचताना आपल्याला वाटेल, यात काय मोठेसे? घरात माणूस मरतो आहे, गुरुजी आले नाहीत. मग घरच्यांनीच तोंडात पाणी घालायचे, देवाचे नाव घ्यायचे. पण चौदाव्या शतकातल्या ख्रिस्ती माणसाला हे पत्र ऐकून पायाखालची जमीन सरकल्यासारखे झाले असेल. असे का, ते समजण्यासाठी त्याच्या श्रद्धेची घडण थोडी पाहिली पाहिजे.

आपल्याकडे एक जन्म फुकट गेला तर दुसरा आहे, दुसरा गेला तर तिसरा आहे. चौऱ्यांशी लक्षांचा फेरा वाईट खरा, पण त्यात सवड भरपूर. ख्रिस्ती माणसाला ही सवड नाही. जन्म एक, मरण एक आणि त्यानंतर न्याय. तारण व्हायचे ते याच देहात. माणूस पापी आहे, त्याच्या पापांचे प्रायश्चित्त येशू ख्रिस्ताने क्रूसावर मरून केले आहे, आणि ते पदरात पाडून घेणे म्हणजे तारण, हा त्या श्रद्धेचा गाभा. मध्ययुगात हे पदरात पाडून घेण्याची वाट चर्चच्या संस्कारांतून जात असे. इ. स. १२१५ मध्ये रोमला लॅटरन येथे मोठी धर्मपरिषद भरली. तिने नियम केला, की प्रत्येक जाणत्या ख्रिस्ती माणसाने वर्षातून निदान एकदा धर्मगुरूजवळ पापांची कबुली द्यावी. गोव्याकडे आणि वसईकडे जिला कुमसार म्हणतात, तीच ही. मरतेवेळी ही कबुली, मग येशूच्या देहाचा प्रसाद आणि शेवटी पवित्र तेलाचे लेपन, अशी तीन पायऱ्यांची वाट ठरलेली होती. ज्याचे प्रायश्चित्त पुरे झालेले नसेल त्याने मेल्यावर शुद्धिस्थानात यातना भोगून निर्मळ व्हावयाचे. ही समजूत लोकांत जुनीच होती, तिला १२७४ च्या ल्यों येथील परिषदेने शब्दांत बसवले.

याच लॅटरन परिषदेचा आणखी एक नियम फार गमतीचा आहे. वैद्याला रोग्याकडे बोलावले, की त्याने पहिल्याप्रथम 'आत्म्याच्या वैद्याला बोलवा' असे सांगावे, मग नाडी पाहावी. कारण काय? तर वैद्य शेवटी शेवटी हे सांगू लागला, की रोगी घाबरतो. त्याला वाटते, आपली आशा सुटली. तेव्हा हे आधीच सांगून टाकावे, म्हणजे त्याचा धसका बसणार नाही. माणसाचा स्वभाव आठशे वर्षांत काही बदललेला नाही, हे यावरून दिसते.

अशा श्रद्धेच्या माणसाला मरणापेक्षा एकाच गोष्टीचे भय जास्त : अकस्मात मरणाचे. झोपेत सुखाने गेला, असे आपण कौतुकाने म्हणतो. मध्ययुगीन ख्रिस्ती माणसाच्या कानाला ते शापासारखे लागले असते. संत क्रिस्तोफर याची मूर्ती पाहिली तर त्या दिवशी अकस्मात मरण येत नाही, असा समज होता. म्हणून चर्चच्या दारातून आत पाऊल टाकताच समोर दिसेल अशा भिंतीवर या संताचे भले थोरले चित्र काढीत. शेतावर जाणारा माणूस दारातूनच डोकावून दर्शन घेई आणि कामाला लागे.

आणि नेमकी अशी ही माणसे महामारीच्या तावडीत सापडली. १३४७ च्या ऑक्टोबरमध्ये सिसिलीतल्या मेसिना बंदरात रोग उतरला आणि चार-पाच वर्षांत त्याने युरोपातली निदान एक तृतीयांश माणसे नेली. काखेत गाठ दिसली की दोन-चार दिवसांचा सोबती. धर्मगुरू येईपर्यंत रोगी जात होता, आणि जो धर्मगुरू येत होता तो आठवड्याने स्वतः जात होता. बिशप राल्फचे पत्र या अडचणीतून आलेले. ते अपवादाचे पत्र होते. रोग ओसरल्यावर नियम पुन्हा पूर्ववत झाले. पण एक प्रश्न त्यानंतर लोकांच्या मनातून गेला नाही. धर्मगुरू आलाच नाही, तर मी मरायचे कसे?

या प्रश्नाला उत्तर देणारे पुस्तक तयार व्हायला आणखी पन्नास-साठ वर्षे जावी लागली. पॅरिसच्या विद्यापीठाचा कुलपती जाँ जेर्सों हा मोठा विद्वान, पण साध्या माणसांसाठी लिहिणारा होता. पंधराव्या शतकाच्या आरंभी त्याने एक तीन भागांचे छोटे पुस्तक लिहिले. त्याचा तिसरा भाग मरणाऱ्या माणसाजवळ कसे बसावे याबद्दल होता. ही शिकवण चर्चमध्ये, शाळांत, इस्पितळांत लोकांना दिसेल अशी लावावी, असे त्याचे म्हणणे होते. पुढे १४१४ ते १४१८ या काळात कॉन्स्टन्स येथे धर्मपरिषद भरली. त्या सुमारास कुणा अज्ञात लेखकाने जेर्सोंच्या आधारे एक मोठा ग्रंथ रचला. लॅटिनमध्ये त्याचे नाव पडले 'आर्स मोरिएंदी', म्हणजे मरण्याची कला. शे-दोनशे वर्षे हे पुस्तक युरोपच्या घराघरांत वाचले गेले.

१४५० च्या सुमारास त्याची एक छोटी, सचित्र आवृत्ती निघाली. आपल्याकडे कापडावर छापकाम करणारे लाकडाचे ठसे वापरतात ना, तशाच लाकडी ठशांवर अक्षरे आणि चित्रे दोन्ही कोरून ती छापीत. चित्रे अकरा. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही ती समजत.

चित्रांत काय आहे? एक खाट, खाटेवर एक हाडकुळा माणूस, आणि भोवती सैतानाची चिल्लीपिल्ली. मरणाऱ्याला पाच मोह पडतात असे पुस्तक सांगते. पहिला, श्रद्धा सोडण्याचा. दुसरा, निराशेचा. तिसरा, चिडण्याचा. चौथा, स्वतःच्या पुण्याईच्या गर्वाचा. पाचवा, धनदौलतीच्या लोभाचा. प्रत्येक मोहाचे एक चित्र आणि त्याला देवदूताने दिलेल्या उत्तराचे एक चित्र, अशी दहा. आणि शेवटचे मरणाचे.

चिडण्याचे चित्र पाहून हसू येते. रोग्याने शेजारच्या माणसाला लाथ मारली आहे, मेज कलंडले आहे आणि जेवण घेऊन आलेली बाई बघत उभी आहे. घरात दुखणेकऱ्याची शुश्रूषा ज्याने केली असेल त्याला हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. लोभाच्या चित्रात सैतान रोग्याला त्याचे घर, तळघरातली दारूची पिंपे आणि तबेल्याकडे नेत असलेला घोडा दाखवतो आहे. 'हे सगळे टाकून चाललास?' एवढेच त्याला विचारायचे आहे.

पण सगळ्यांत खोल चित्र आहे निराशेचे. सैतान इथे खोटे बोलत नाही. तो रोग्याची पापांची यादी वाचतो, आणि यादी खरी आहे. ज्याला मारले तो माणूस उभा आहे, ज्याला भीक घातली नाही तो भिकारी उभा आहे. सैतानाचे म्हणणे एकच : एवढे केल्यावर तुला क्षमा कशी मिळेल? देवदूत यावर यादी खोटी आहे असे म्हणत नाही. उत्तराच्या चित्रात तो रोग्याच्या उशाशी चौघांना आणून उभे करतो. कोंबडा आरवण्यापूर्वी येशूला तीनदा नाकारणारा पेत्र, मग्दालीया मरीया, येशूच्या शेजारी क्रूसावर टांगलेला चोर, आणि ख्रिस्ती लोकांचा छळ करीत जाताना घोड्यावरून कोसळलेला शौल, जो पुढे संत पौल झाला. हे चौघे तरले, मग तू का नाही? त्या चोराला तर पुण्य करायला एक दिवससुद्धा मिळाला नव्हता. आपल्याला इथे अजामिळाची आठवण होणे साहजिक आहे. दोन्ही कथांच्या मुळाशी असलेला विचार निराळा आहे, पण शेवटच्या घटकेलाही दार उघडे असते, हा दिलासा दोन्हीकडे आहे.

आता बिशपच्या पत्राकडे पुन्हा वळू. या पुस्तकाची खरी नवलाई अशी, की त्यात धर्मगुरूला जागा अगदी थोडी आहे. उशाशी बसायचे ते एखाद्या विश्वासू मित्राने. त्याने काही प्रश्न विचारायचे. हे प्रश्न मूळचे कँटरबरीचा आर्चबिशप संत आन्सेल्म याचे मानले जातात. ख्रिस्ती श्रद्धेत मरताना तुला आनंद वाटतो ना? जसे जगायला हवे होते तसे जगलो नाही, हे तुला मान्य आहे ना? त्याचे दुःख होते ना? आयुष्य मिळाले तर सुधारशील ना? ख्रिस्त तुझ्यासाठी मेला यावर तुझा विश्वास आहे ना? रोग्याने फक्त 'हो' म्हणायचे. आणि विचारणारा कुणीच नसेल, तर त्याने स्वतःलाच मनातल्या मनात हे प्रश्न विचारावेत.

मित्रासाठी आणखी एक सूचना आहे, आणि ती पाळायला फार कठीण. रोग्याला 'बरा होशील' अशी खोटी आशा लावू नये. आपण प्रेमापोटी खोटे बोलतो आणि त्या खोट्यापायी त्याची तयारीची वेळ निघून जाते, असे हे पुस्तक म्हणते.

१४९० मध्ये इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने या विषयावरच्या एका फ्रेंच पुस्तिकेचे इंग्रजी भाषांतर केले. तो तेव्हा म्हातारा झाला होता आणि पुढे फार दिवस जगला नाही. इतरांसाठी पुस्तके छापता छापता हे त्याने थोडे स्वतःसाठीही केले असेल.

पुढच्या शतकात चर्च दुभंगले, आणि भांडण पेटले ते मेलेल्यांच्या प्रश्नावरूनच. पैसे भरून शुद्धिस्थानातली शिक्षा कमी करून देणाऱ्या क्षमापत्रांविरुद्ध मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये आपली पंचाण्णव विधाने मांडली. दोनच वर्षांनी, १५१९ मध्ये, मरणभयाने अस्वस्थ झालेल्या एका दरबारी गृहस्थासाठी त्याने मरणाच्या तयारीवर एक प्रवचन लिहिले. त्यात तो मरणाला जन्माची उपमा देतो. मूल आईच्या पोटातल्या लहानशा जागेतून मोठ्या कष्टाने या विस्तीर्ण जगात येते; तसाच माणूस अरुंद दारातून पलीकडे जातो. मरण, पाप आणि नरक यांचा विचार जिवंतपणी, धडधाकट असताना करावा. मरताना मात्र त्यांच्याकडे पाहू नये, ख्रिस्ताकडे पाहावे, असे तो सांगतो.

इरॅस्मसचे याच विषयावरचे पुस्तक १५३४ चे. माणूस शांत मेला की तळमळत मेला यावरून त्याच्या तारणाचा हिशेब करू नका, असे त्याने बजावले. १५३६ मध्ये बाझल येथे तो स्वतः वारला तेव्हा जवळ मित्र होते, धर्मगुरू नव्हता. कॅथलिक पंथाचा मोठा पंडित कार्डिनल बेलार्मिन याने १६२० मध्ये लिहिले, त्याचेही सूत्र हेच, की चांगले मरायचे असेल त्याने आधी चांगले जगावे. बेलार्मिन ज्या येशूसंघाचा, त्याच संघाचे फादर स्टीफन्स त्याआधी आपल्या सासष्टीत काम करीत. त्यांनी हीच तारणाची कथा मराठी ओवीत गुंफली. ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले.

१५४६ च्या फेब्रुवारीत ल्यूथर मरणशय्येवर होता. जुने संस्कार, जुनी क्षमापत्रे, सगळे त्याने मागे टाकले होते. पण शेवटच्या घटकेला त्याचा मित्र युस्टुस योनास वाकला आणि मोठ्याने विचारता झाला : ख्रिस्तावर आणि तुम्ही शिकवलेल्या शिकवणीवर दृढ राहून मरता ना? ल्यूथर 'हो' म्हणाला. पंथ बदलला होता, उशाशी बसून प्रश्न विचारणारा मित्र मात्र तसाच होता.

२०२० च्या मार्चमध्ये इटलीतली इस्पितळे करोनाच्या रोग्यांनी भरली. नातलगांना आत मज्जाव, धर्मगुरूंनाही बहुतेक ठिकाणी मज्जाव. २० मार्चला रोमच्या धर्मपीठाने जाहीर केले, की ज्यांना शेवटचे संस्कार मिळू शकत नाहीत, त्यांनी मनोभावे पश्चात्ताप करून देवावर भार टाकला तर ते क्षमेला मुकणार नाहीत. बिशप राल्फच्या पत्राला तेव्हा सहाशे एकाहत्तर वर्षे झाली होती. आपल्याकडेही त्या साथीत किती माणसे काचेपलीकडे, एकटी गेली. उशाशी असलीच तर एखादी परिचारिका असे. तिला त्या जुन्या पुस्तकाचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. पण हात धरून 'मी आहे हो इथे' म्हणणाऱ्या माणसाचे काम ज्या पुस्तकाने प्रथम नीट लिहून ठेवले, ते हेच.